डावीकडचं दूध

“दिवस गेलेत. चौथा महिना संपत आलाय,” यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान खाली घालून हसले. मग तपासायला म्हणून त्यांनी पोलक्याची बटणं काढायला सांगितली आणि त्यांचं बोलणं थांबलं.

त्यांनी डावी बाजू दाबून पाहिली. वरची कातडी पाहिली, ती बाकीच्या अंगापेक्षा उजळ आणि गुळगुळीत होती. खालच्या घडीतला व्रण बोटानं चाचपला. “हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं. नागपूरला ऑपरेशन झालं, असं मी सांगितलं. “आत चरबी भरलीय?” मी हो म्हटलं.

“मूल छान वाढतंय,” त्या म्हणाल्या. “पण या बाजूला दूध येईल का, आणि आलं तर बाहेर पडेल का, हे मला सांगता येत नाही. अशी बाई मी आजवर पाहिलेली नाही.”

माणूस डॉक्टरकडे ‘घाबरू नका’ ऐकायला जातो. मला ‘माहीत नाही’ मिळालं, आणि मला त्याचा रागच आला. परतीच्या एसटीत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे बिचारे चिवडा घेऊ का, केळी घेऊ का, असं विचारत राहिले.

आता माझं वय झालं आहे. अशा शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांत रोज होतात; कुणाच्या आजारपणामुळे होतात, कुणाच्या हौसेनं. हौसेला मी नावं ठेवणार नाही, माझ्याही ऑपरेशनात अर्धा वाटा हौसेचाच होता. पण ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांना पुढं मूल हवं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. या गोष्टी बायका कुजबुजत बोलतात आणि त्यामुळे अर्ध्याच ऐकू येतात.

मी सात वर्षांची असताना चुलीपाशी बसले होते आणि फ्रॉकला जाळ लागला. डावी छाती, काख आणि दंडाचा आतला भाग भाजला. आई आधीच गेली होती. आत्यानं चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल लावून लावून मला वाचवलं. जखमा भरल्या, पण दंड छातीला चिकटून भरला. याला डॉक्टर ‘कॉन्ट्रॅक्चर’ म्हणतात. भाजलेली कातडी भरून येताना आवळत जाते आणि मान, कोपर, बोटं, जे हाती लागेल ते आपल्याकडे ओढून घेते.

वयात आले तशी उजवी बाजू वाढली, डावी त्या आवळलेल्या कातडीखाली दबूनच राहिली. आमच्या घरी कापसाला तोटा नव्हता. रुईची एक घडी पोलक्यात घालून मी शाळेत जायचे. घाम आला की ती भिजून खाली सरकायची. मास्तर फळ्यावर गणित घालत असत आणि माझं सगळं लक्ष ती घडी कोपरानं सावरण्यात.

बाबांना कुणीतरी सांगितलं की नागपूरला परदेशात शिकून आलेले एक सर्जन आहेत, ते चिकटलेले हात सोडवतात. मी तेव्हा मॅट्रिकला होते. पहिल्या ऑपरेशनात त्यांनी हात सोडवला आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी लावली. याला ‘स्किन ग्राफ्ट’ म्हणतात. अंगाच्या झाकल्या जागेवरचा कातडीचा पातळ थर काढून जखमेवर पसरतात आणि तो तिथं रुजतो. महिनाभरानं मी आयुष्यात प्रथमच दोन्ही हातांनी वेणी घातली. आत्या रडायला लागली, म्हणून वेणी अर्धी सोडून तिचे डोळे पुसावे लागले.

पुढच्या खेपेला सर्जनसाहेबांनी बाबांना न विचारता मला विचारलं, “ही बाजू भरून हवी का?” बाबा घसा खाकरत होते, तेवढ्यात मी हो म्हणून मोकळी झाले. तेव्हा केलं ते ‘फॅट ग्राफ्ट’. बसायच्या जागेची चरबी काढून छातीच्या मागं एक कप्पा करून त्यात बसवली. बरीच विरघळेल, थोडी राहील, असं ते म्हणाले होते. तसंच झालं. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या नाहीत, पण रुईची घडी सुटली.

दुधाचा विषय मात्र ना त्यांनी काढला, ना आम्ही. माझं लग्न होईल, हीच आशा घरात कुणी धरली नव्हती, मग दुधाचं कोण विचारणार?

पण लग्न झालं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. हे महागावकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. घरी थोडी शेती, कापूस आणि तूर. मी भाजले होते, हे त्यांना ठाऊक होतं आणि ऑपरेशनचंही मी स्वतःच सांगितलं. सासूबाईंना सगळे ‘माय’ म्हणत. मायना बाबांनी एवढंच सांगितलं होतं की मांडीची कातडी छातीला लावली आहे, आत थोडी चरबी आहे. चरबी कुठली, ते सांगायला बाबांची जीभ रेटली नाही.

पाचव्या महिन्यापासून डावी बाजू ओढायला लागली. उजवीकडची कातडी सैल होत होती, डावीकडची होईना. खाज सुटायची, चिरा पडायच्या. डॉक्टरीणबाईंनी खोबरेल तेल चोळायला सांगितलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. दूध ‘ग्लँड’मध्ये म्हणजे ग्रंथीत तयार होतं. तिथून बारीक नळ्या निघतात आणि बोंडाशी उघडतात. भरलेली चरबी ग्रंथीच्या मागं आहे, पाठीशी लोड ठेवावा तशी. तिचा दुधाशी संबंध नाही. “तुझा प्रश्न ऑपरेशनचा कमी आणि भाजल्याचा जास्त आहे,” त्या म्हणाल्या. “नळ्यांची तोंडं व्रणाखाली बुजली असली, तर दूध आत अडकेल. म्हणून बाळंत झाल्याबरोबर, पहिल्या तासापासून, दोन्हीकडं मूल लाव. साचू द्यायचं नाही. आणि समज, डावीकडून काही निघालं नाही, तरी एका बाजूवर मूल वाढतं. जुळ्यांच्या आया काय करतात?”

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी ते मायना सांगितलं. त्या तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “डावं काई लेकराच्या तोंडी द्याचं नाई. ते काई आईचं अंग नोहे. मांडीचं कातडं ते. आन भाजलेल्या जागचं दूध नासकं रायते.”

“डॉक्टरीणबाई म्हणतात...”

“डॉक्टरीनबाईले काय होते म्हनाले? लेकरू आपलं हाय.”

माय दुष्ट नव्हत्या. मला डोहाळे लागले तेव्हा रानातून बोरं वेचून आणून देणारी सासू ती. पण या एका गोष्टीवर त्या अशा अडून बसल्या की यांनीही हात टेकले. एवढं अडायचं कारण काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

बाळंतपण दवाखान्यात करायचं ठरलं होतं, पण कळा आधीच सुरू झाल्या. कापूस वेचणीचे दिवस, घरातल्या बैलगाड्या शेतात. गावच्या सुईणीच्या हातून मुलगी झाली. लहान चणीची, पण आवाज खणखणीत. मी पडल्या पडल्या म्हटलं, हिला इकडं द्या. पण आमच्या घरची रीत वेगळी होती. पहिला चीक पिळून टाकायचा, तोवर लेकराला शेळीच्या दुधाचं बोट. तिसऱ्या दिवशी नणंदेनं बाळंतिणीचे स्तन कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचे, त्याबद्दल नणंदेला लुगडं द्यायचं, आणि मग लेकरू लावायचं. यांनी दारातून पहिल्या तासाची आठवण करून दिली. “तू तुही शाळा पाह्य, बाळंतपन मी पाह्यते,” असं मायचं उत्तर आलं, आणि हे शाळेत गेले.

ती तीन दिवसांची रीतच आम्हाला भोवली. चांगली धडधाकट बाईसुद्धा तीन दिवस दूध अंगात ठेवून तळमळते. माझ्या डाव्या बाजूची तर वाट आधीच अरुंद.

तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदबाई, कुसुमबाई, पुसदहून आल्या. यांच्यापेक्षा मोठ्या, तोंडानं फटकळ आणि हसऱ्या. त्यांनी मायच्या सांगण्यावरून उजवीच बाजू धुतली. डावी मायनी जुन्या धोतराच्या पट्टीनं घट्ट बांधली होती. मुलीला उजवीकडं लावलं. ती लुचायला लागली आणि मला कपड्यातून ओल लागली. मला वाटलं, पाणी सांडलं. पाहते तर डाव्या बाजूची पट्टी भिजत होती. मूल इकडं ओढत होतं आणि पान्हा तिकडंही फुटला होता.

मला रडू आलं. दोन्ही बाजू माझ्याच आहेत, असं त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं. कुसुमबाई वाकून पाहत म्हणाल्या, “माय, हे पाह्य, मांडीले दूध सुटलं!” मायनी ओली पट्टी सोडली आणि कोरडी बांधली, आधीपेक्षा घट्ट.

दुसऱ्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला. डावी बाजू दगडासारखी झाली, नुसता पदर लागला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. उजव्या बाजूचं दूधही तापानं कमी झालं आणि मुलीचं रडणं बारीक होत गेलं. यांनी यावेळी कुणाला विचारलं नाही. गाडीला बैल जुंपले, रस्त्याला येऊन एसटी धरली. माय मुलीला पोटाशी धरून माझ्या शेजारी बसल्या होत्या, कुसुमबाई माझं डोकं धरून.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि त्या यांच्यावर ओरडल्या, कारण ओरडायला तेच समोर होते. हे ‘मॅस्टायटिस’ आहे, त्या म्हणाल्या. दूध साचून साचून स्तनाला सूज येते, मग त्यात ताप भरतो. तसंच सोडलं तर पू होतो आणि चिरावं लागतं. माझ्या कातडीवर चीर दिली तर ती भरून यायला नाकी नऊ येतील, हेही त्यांनी सांगितलं. पेनिसिलीनची सुई दिली. मग गरम पाण्याचे फडके ठेवून, बोटांनी हळूहळू काखेकडून पुढं दाबत आणलं. बराच वेळ काही नाही. मग बोंडाच्या एका कडेला पांढरा ठिपका आला. अजून थोड्या वेळानं दुसरा. “दोन तोंडं उघडी आहेत,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं, जणू त्यांनाच मूल झालं होतं.

मग त्या गंभीर झाल्या. “हातानं सगळं निघणार नाही. मुलासारखं कुणी ओढत नाही. हिला या बाजूला लावा. नाहीतर दूध आटवायच्या गोळ्या द्याव्या लागतील, आणि गोळ्यांना डावं-उजवं कळत नाही. दोन्हीकडचं जाईल. मूल हे असं लहान. वरच्या दुधावर ते तगेल का, मी सांगू शकत नाही.”

माय पुढं झाल्या. “त्या मांडीच्या चरबीचं दूध माह्या नातीले देऊ?”

“आजी, चरबीचं दूध नसतं. चरबी मागं आहे. आणि ती मांडीची नाही, नितंबाची आहे.”

“म्हंजे कुठची?”

डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, त्यांना पटकन शब्द सुचेना. कुसुमबाईंनी सांगून टाकलं, “बुडाची वो माय, बुडाची.”

“देवा बाप्पा!” असं म्हणून माय मटकन बाकावर बसल्या. नर्स तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मीही तापात हसले आणि हसल्यानं छातीत कळ गेली. हे खिडकीतून बाहेरचं झाड बघत उभे राहिले.

माय मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मी पारखून घेतो. चांगलं निंगालं त पाजा, नाई त गोया द्या.” डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले, पण दुपारपर्यंत वेळ दिला.

पारखायची रीत जुनी होती. बाळंतिणीचं दूध बशीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर नासकं. व्हरांड्यात दवाखान्याच्या चहाच्या दोन बशा आल्या. डावीकडचं साचलेलं दूध नर्सनं दाबून काढलं, ते बशीभर निघालं. उजवीकडचं तापानं आटलेलं, जेमतेम बशीचा तळ ओला झाला. मायनी कडुनिंबाच्या बुंध्यावरच्या काळ्या मुंग्या पानावर घेतल्या. माझी खाट दाराशी होती, मला सगळं दिसत होतं. मी मुंगीकडं असं पाहत होते की जणू तीच डॉक्टर. माझ्या मुलीचं दूध त्या मुंगीवर अवलंबून होतं.

उजव्या बशीतली मुंगी कडेला बसून प्यायली आणि चालती झाली. डाव्या बशीतली थोडी वळवळली, आणि मग हललीच नाही.

“पाह्य,” माय म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मेली.”

मी तोंड फिरवलं. गोळ्या घ्यायच्या, हे मनाशी ठरवूनही टाकलं.

कुसुमबाई बशीवर वाकल्या होत्या. “अवं माय, हे काई मेली नाई, हे बुडाली. बशी भरून दूध हाय. मुंगीले काय पोहता येते?” त्यांनी उजवी बशी माझ्याकडं आणली आणि म्हणाल्या, “सुमन, अजून काढ थोडं, हाय तेवढं.” मी दात आवळून काढलं. बशी तिरपी करून त्यांनी दूध एका कडेला खोल केलं आणि त्यात दुसरी मुंगी सोडली. तीही बुडाली.

माय बघत राहिल्या. मग उठल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यात आपल्या हातानं एक मुंगी टाकली. ती बुडून हलायची थांबेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. पेला तसाच हातात धरून त्या खाली भिंतीला टेकून बसल्या.

“तवा बी मुंगी मेलती,” त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. कुसुमबाईंच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. बाळंतपणात त्यांच्या छातीला गळू झालं. त्यांच्या सासूनं दूध वाटीत काढलं, मुंगी सोडली, मुंगी मेली. लेकराला अंगावरून तोडलं, शेळीच्या दुधावर ठेवलं. ते हगवणीनं गेलं. घरात सगळे म्हणाले, आधी जेवढं प्यायलं तेवढ्यानंच गेलं. कुसुमबाईंना हे ठाऊक नव्हतं. यांनाही नव्हतं. एवढी वर्षं त्या आपल्या दुधानं आपलं मूल मारलं असं समजून होत्या, आणि पुढची दोन मुलं त्यांनी जीव मुठीत धरून पाजली होती.

“वाटी भरून काढलतं,” त्या म्हणाल्या. “मले आठोते. वाटी भरून.”

कुसुमबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. नेहमीचं फटकळ तोंड बंद होतं. डॉक्टरीणबाई फेरीवरून आल्या तेव्हा मायनीच विचारलं, “बाई, गळू झाल्यावर आईचं दूध लेकराले मारते का वो?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या दुधानं नाही गेलं ते, आजी.”

मायनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, “कुसुम, उठ. पाणी तापव, निंबाचा पाला टाक. धू ते डावं.” कुसुमबाई उठल्या, आणि अर्ध्या वाटेत त्यांना मूळ स्वभाव आठवला. “दुसरं धुतलं म्हंजे दुसरं लुगडं, माय. आधीच सांगून ठेवतो.”

“दोन घे, पन धू!”

माझी डावी बाजू नणंदेनं निंबाच्या पाण्यानं धुतली. मायनी मुलीला उचललं आणि आपल्या हातानं डावीकडं लावलं. मी वाट पाहत राहिले. “घेत नाही ती,” मी म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घेतेय की! गळ्याकडं बघ तिच्या.” पाहिलं तर तिचा चिमुकला गळा हलत होता. मला काहीच जाणवत नव्हतं. भाजल्या जागेची संवेदना लहानपणीच गेली होती आणि ऑपरेशननं ती परत येत नाही. उजवीकडं मी डोळे मिटून पाजू शकत होते. डावीकडं मान वाकवून बघावं लागे.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. दगड विरघळला, पू झाला नाही. डावीकडून दूध कधीच भरपूर आलं नाही. दोनच तोंडं, त्यामुळे ती पाच मिनिटांत वैतागायची, हात आपटायची. मग मी बाजू बदलायचे. तिचं पोट उजव्या बाजूनंच भरलं, हे खरं सांगितलं पाहिजे. पण डावी बाजू पुन्हा दुखली नाही, आणि मुलगी पावसाळ्यापर्यंत अशी गुटगुटीत झाली की माय तिला बाहेर नेताना गालाला काजळ लावायच्या.

ती बसायला लागली तेव्हा मी सर्जनसाहेबांना दाखवायला नागपूरला गेले. खरं तर मला भांडायचं होतं. हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारायचं होतं. माय हट्टानं बरोबर आल्या. साहेबांनी व्रण पाहिले, आकार पाहिला, खूश झाले. “छान राहिलंय,” म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, यातून दूध आलं.”

त्यांनी चष्मा काढला. शिकाऊ डॉक्टरांना आत बोलावलं आणि मला खुर्ची दिली. दूध केव्हा आलं, किती ठिकाणांहून, गाठ झाली का, सगळं विचारत गेले. मग म्हणाले, “मी ही शस्त्रक्रिया काही मुलींवर केली. पण पुढं काय झालं, ते सांगायला कुणी परत आलं नाही. मूल ओढतं तेव्हा तुला कळतं का?”

“नाही. बघावं लागतं.”

“हे मी तुला आधी सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. माझं भांडण तिथंच संपलं. आता मी विचार करते, तेव्हा आधी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं का? म्हटलं असतं. पण जाणून म्हटलं असतं. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरला आधी विचारा: नळ्या शाबूत राहतील का, संवेदना राहील का. माहीत नसेल, तर माहीत नाही असं म्हणायला लावा. मूल झाल्यावर साचू देऊ नका. आणि कमी आलं, किंवा आलंच नाही, तरी तुम्ही आई म्हणून कुठं कमी पडला नाहीत. उजव्या बाजूनं वाढवलेली माझी मुलगी आता स्वतः आजी व्हायला आली आहे.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन बसला होता. पंधरा-सोळा वर्षांची, मान छातीला चिकटलेली, भाजलेली. आम्ही आत असतानाच साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं आणि ऑपरेशनचं सांगितलं. तो बराच वेळ चुळबुळला. मग आमच्याकडं बघत, लाजत म्हणाला, “साहेब, मान त सुटन. पन पुढं लगन झालं, लेकरू झालं... त मंग दूध?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत माय पुढं झाल्या.

“येते,” माय म्हणाल्या. “येते कवा, कवा नाई येत. हिले दोन भोकातून आलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं. आन कोनी म्हनलं का भाजल्या आईचं दूध नासकं रायते, त त्याले म्हना, खोटं हाय. मी एक लेकरू त्याच्यापायी घालवलं.”

त्या मुलीला मान वर करता येत नव्हती. तिनं नुसते डोळे वर केले आणि मायकडं पाहिलं. तेवढ्यात माझी मुलगी भुकेनं रडायला लागली. मायनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या पोरीला हाक मारली, “ये, इथं बस. पाह्य कशी पिते ते.”